ऊन आवडतं की थंडी? खान्देशच्या इतिहासातलं उत्तर

आजचा विषय वरवर पाहता गप्पांचा आहे. 'तुम्हाला उन्हाळा आवडतो की हिवाळा?' हा प्रश्न आपण चहा पिता पिता विचारतो आणि उत्तर ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडून देतो. आम्हाला मात्र वाटतं, की या आवडीलाही इतिहास असतो. घर कसलं, पीक कुठलं, आजार कोणता आणि सुटी कधी, यावर ती ठरते. हे तपासून बघायला जळगाव आणि धुळे हे जिल्हे फार सोयीचे आहेत, कारण इथे दोन्ही टोकं एकाच वर्षात अनुभवाला येतात.

आधी भूगोल थोडक्यात बघू. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्री आणि मधून वाहणारी तापी. समुद्राकडून येणारा ओलावा बराचसा सह्याद्रीवरच अडतो. म्हणून पावसाळा सोडला, तर हवा कोरडी. कोरडी हवा दिवसा लवकर तापते आणि रात्री लवकर निवते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि जानेवारीत धुळ्याचा पारा काही वर्षी 5 अंशांच्या आसपास उतरतो.

तरीही खान्देशातला माणूस मुंबईला गेला की म्हणतो, 'आमचं ऊन परवडलं, पण हा घाम नको.' यात कौतुकाचा भाग असेल, पण शास्त्रही आहे. घाम वाळतो तेव्हा अंग निवतं. दमट हवेत तो वाळतच नाही. माठ, वाळ्याचे ताटे आणि आजचा कूलर ही सगळी कोरड्या हवेची साधनं आहेत. म्हणून जळगावात कूलर सुखाचा वाटतो आणि मुंबईत तोच खोली आणखी दमट करून ठेवतो.

आता इतिहासाकडे येऊ. 1818 मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे कारभाराचं ठाणं केलं. 1825 मध्ये जेम्स आउट्रम याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. 1906 मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे झाले. या साहेबांची आवड ठरलेली होती. थंडीत तंबू घेऊन दौरे काढायचे आणि उन्हाळ्यात जमेल तर डोंगर गाठायचा. मुंबई सरकार तर महाबळेश्वरला जायचं.

पण सातपुड्याच्या पायथ्याशी हा हिशेब उलटा व्हायचा. पावसाळा संपला, हवा अंगाला बरी वाटू लागली, की नेमका ताप सुरू व्हायचा. आपल्या भाषेनं त्याला नावच 'हिवताप' दिलं आहे. थंडी वाजून येणारा ताप. तो डासांमुळे पसरतो, हे रोनाल्ड रॉसनं 1897 मध्ये दाखवलं. तोपर्यंत दोष जंगलाच्या हवेवर जायचा. ऊन तापलं, डबकी आटली, की तापही ओसरायचा. म्हणजे जी हवा अंगाला सुखाची, तीच जिवाला धोक्याची!

आता घराकडे या. खान्देशातली जुनी घरं धाब्याची. जाड मातीच्या भिंती आणि लाकडी सऱ्यांवर मातीचं सपाट छत. ही जाड माती दुपारचं ऊन लवकर आत येऊ देत नाही. रात्री माणसं धाब्यावरच अंथरूण टाकायची. एकच घर उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही सांभाळायचं. आज तिथे सिमेंटचा स्लॅब आहे, नाहीतर पत्रा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच ऊब आत सोडतो. मग आपण म्हणतो, पूर्वी ऊन सोसायचं, आता सोसवत नाही. ऊन वाढलं असेलच, पण घरही बदललंय, हे आपण विसरतो.

सणांचंही तसंच. खान्देशचा मोठा सण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, भर उन्हाळ्यात येतो. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, आमरस आणि खापरावरचे मांडे होतात. सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि नवं ठरतं. शेत रिकामं असतं, म्हणून माणूसही मोकळा असतो. आम्हाला वाटतं, जुन्या माणसांची उन्हाळ्याची आवड म्हणजे बरीचशी या मोकळेपणाची आवड होती. हिवाळ्यात कापसाच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत होतं, कळण्याची भाकरी होते, पण ते दिवस कापूस वेचण्याचेही असतात.

केळीनं हे गणित बदललं. रावेर, यावल, चोपडा भागात विहिरी, विजेचे पंप आणि दिल्लीकडे जाणारी रेल्वे यांच्या जोरावर केळी वाढली. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण केळीला हवी असते उबदार, दमट हवा. 12 अंशांच्या खाली तिची वाढ जवळपास थांबते आणि मेच्या झळांनी पानं करपतात. मग शेतकरी काय करतो? बांधावर शेवरी, गजराज गवत लावून वारा अडवतो. ठिबकनं ओल टिकवतो. घड झाकतो. थंडीत रात्री पाणी देतो, पहाटे बांधावर धूर करतो. कोरड्या खान्देशात तो हातानं छोटं कोकण तयार करतो. फळपीक विम्यातही केळीसाठी कमी तापमान आणि जास्त तापमान असे दोन्ही धोके धरलेले आहेत. या शेतकऱ्याला 'ऊन आवडतं की थंडी' विचाराल, तर तो हसेल. त्याला दोन्हीची धास्ती. आणि जो मे महिना पूर्वी मोकळा होता, तो आता पाणी भरण्याचा झाला.

त्याच्याही पलीकडे घड कापून डोक्यावर वाहणारा मजूर आहे. दिवाळीनंतर सातपुड्यातून उसाच्या फडावर जाणारं कुटुंब आहे. एकाला दुपार टाळता येत नाही, दुसऱ्याला पालातली थंडी. आवड सांगायलाही डोक्यावर छप्पर लागतं आणि अंगावर पांघरूण.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. हवामानाचा इतिहास फक्त पाऱ्याच्या आकड्यांत नसतो. तो छपरात, सालाच्या करारात आणि पिकाच्या निवडीत असतो. घरी गेल्यावर थोरामोठ्यांना एक विचारा : तुम्ही मे महिन्यात कुठे झोपायचात, आणि तेव्हा काम किती असायचं? मिळेल ते लिहून ठेवा. असे दस्तऐवज सरकारी दफ्तरात सापडत नाहीत. आता प्रश्न घेऊ.