ट्रिपल प्ले सेवा

घरात येणाऱ्या एकाच तारेवरून दूरचित्रवाणी, इंटरनेट आणि दूरध्वनी पुरवण्याची पद्धत. ही तार तांब्याची, केबल टीव्हीची किंवा फायबरची असू शकते. मुंबई आणि दिल्लीत एमटीएनएलने २००६ मध्ये दूरध्वनीच्या तारेवरून आयपीटीव्ही, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीने येणारा टीव्ही, सुरू केला.

इथवरची वाट कशी आली, ते बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या उदाहरणात दिसते. अंबाजोगाईकर आधी गावातल्या दूरदर्शनच्या उच्चशक्ती प्रक्षेपण केंद्रामुळे छपरावरच्या ॲंटेन्यावर टीव्ही पाहत. मग केबल आली. केबलच्या डिजिटलीकरणात अंबाजोगाईसारखी नगरपरिषदेची शहरे तिसऱ्या टप्प्यात होती. त्याची ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत न्यायालयीन खटल्यांमुळे पुढे गेली. सेट-टॉप बॉक्सची सक्ती अनेकांना जाचक वाटली, पण त्यातून मोठे काम झाले : जिथे एक ॲनालॉग वाहिनी मावे, त्या ८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अनेक डिजिटल वाहिन्या बसल्या आणि त्याच केबलवर इंटरनेटला जागा मोकळी झाली.

तांब्याच्या तारेत आवाजाला सुमारे ४ किलोहर्ट्झ पुरतात, त्यावरच्या पट्ट्यात ब्रॉडबँड चालते. एक्सचेंजपासून घर लांब असले की वेग घसरतो. फायबरला ही अडचण फारशी नाही. जीपॉन या फायबर-जाळ्याच्या पद्धतीत एका धाग्यातला प्रकाश स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. घराकडे येणारी माहिती १४९० नॅनोमीटरवर, परतीची १३१० वर. टीव्ही वेगळा पाठवायचा असल्यास १५५० वर. येणारी माहिती सगळ्या घरांपर्यंत पोचते, मात्र ती सांकेतिक असल्याने प्रत्येक घरातली फायबरची पेटी आपलीच उघडते. परतीसाठी प्रत्येक घराला पाळी ठरवून दिलेली असते. आयपीटीव्हीवर अनेक घरांत एकच सामना लागला, तरी सामाईक धाग्यावरून त्याची एकच प्रत पाठवता येते.

या सोयीची खरी किंमत लोडशेडिंगमध्ये कळते. जुन्या फोनला एक्सचेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून तारेवाटेच वीज मिळे. गावात अंधार झाला तरी डायलटोन यायचा. काचेतून वीज येत नाही. भिंतीवरची फायबरची पेटी बंद पडली की ०२४४६ या अंबाजोगाईच्या एसटीडी कोडचा फोन, टीव्ही आणि इंटरनेट एकदमच जातात. घरात म्हातारी माणसे असतील तर हा विचार जोडणी घेतानाच करायला हवा. पेटी आणि राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे छोटा यूपीएस पुरतो. मात्र केबलचालकाच्या नियंत्रणकक्षातही बॅटरी किंवा जनरेटर असावा लागतो.