परदेशातले शाकाहारी ताट



परदेशी गेलेल्या आपल्या थोर माणसांची चरित्रे वाचली, तर त्यांनी कोणती परीक्षा दिली, कोणते ग्रंथ लिहिले, हे सारे सापडते. पण तिथे त्यांनी दोन वेळा खाल्ले काय, हे फार थोड्या ठिकाणी असते. आपणा बायकांच्या मनात मात्र तोच प्रश्न आधी येतो. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी मी तीन शाकाहारी माणसांचे परदेशातले ताट हा विषय घेतला आहे. आपल्या मंडळात मासे-मटण खाणाऱ्या भगिनीही आहेत. कोणाच्या ताटाला नावे ठेवण्याचा यात हेतू नाही, हे आधीच सांगते.

पहिले ताट डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. त्या डॉक्टरी शिकायला अमेरिकेत निघाल्या, तेव्हा लोकांनी नाना शंका काढल्या. त्यांना उत्तर म्हणून १८८३ च्या फेब्रुवारीत त्यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर भाषण केले. आपला आचार, आहार आणि पोशाख आपण बदलणार नाही, हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी सांगितले. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे १७. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. या मावशींकडे त्यांचा शब्द सुखाने पाळला गेला. पण पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात गेल्यावर अभ्यास, कडक थंडी आणि आपले आपण रांधणे, हे सारे एकटीवर आले. त्यात खोलीतली शेगडी धुराने भरणारी. पेटवली तर धूर, विझवली तर गारठा. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. दुखणे क्षयाचे होते. त्याचा दोष आहाराला देणे योग्य होणार नाही. तरी दिवसभर कॉलेज करून परक्या मुलखात धुरात एकटीचा स्वयंपाक करणारी ती मुलगी डोळ्यांपुढे आली, की शब्द पाळणे म्हणजे काय ते कळते.

दुसरे ताट पंडिता रमाबाईंचे. त्याही १८८३ सालीच लहानग्या मनोरमेला घेऊन विलायतेस गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला म्हणजे ताटही बदलणार, असे कोणालाही वाटेल. पण रमाबाई शाकाहारीच राहिल्या. आश्रमातील वडीलधाऱ्या भगिनींना यात जुन्या जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंनी त्यांना पत्राने सडेतोड उत्तर दिले. एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला आली आणि तिने आपल्या चालीरीती सोडल्या नाहीत, तर तिला कोणी हेकट म्हटलेले चालेल का, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनी विचारला. आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला पोहोचल्या. एक हिंदू, दुसरी ख्रिस्ती. दोघी मराठी आणि दोघी शाकाहारी!

गंमत अशी, की त्या शहराला शाकाहार नवा नव्हता. विल्यम मेटकाफ नावाचे पाद्री १८१७ साली इंग्लंडहून आपल्या पंथाची माणसे घेऊन तिथे आले होते आणि मांस वर्ज्य करणे हा त्या पंथाचा नियमच होता. इंग्लंडात तर १८४७ सालीच शाकाहारी मंडळी स्थापन झाली होती. शाकाहार फक्त आपलाच, हा समज खरा नव्हे.

तिसरे ताट गांधीजींचे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले. त्याआधी आईच्या समाधानासाठी बेचरजी स्वामींसमोर त्यांनी मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ घेतली होती. बोटीवर कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा संकोच वाटे, म्हणून बरोबर नेलेली मिठाई आणि फळे यांवर दिवस काढले. लंडनमध्ये त्यांची घरमालकीण भली होती. पण मांसाशिवाय रांधायचे काय, हेच तिला कळेना. मीठ-मसाल्यावाचून उकडलेल्या भाज्या आणि पाव यांनी तरुण मुलाचे पोट भरते थोडेच! तिच्या मुली पावाचा एखादा जास्त तुकडा वाढत; भूक मात्र अख्ख्या पावाची. अखेर शहरात शाकाहारी खानावळी आहेत, हे तिनेच सांगितले. मैलोन्‌मैल हिंडून फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना अशी एक खानावळ सापडली आणि विलायतेतले पहिले पोटभर जेवण मिळाले. तिथेच एक शिलिंग देऊन हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक त्यांनी घेतले. तोवर केवळ आईसाठी पाळलेले व्रत ते वाचल्यावर त्यांचे स्वतःचे झाले.

पुढे आणखी एक पेच आला. तिथल्या शाकाहाऱ्यांपैकी कोणी मासे चालतात म्हणत, कोणी अंडी चालतात म्हणत, तर कोणी दूधही नको म्हणत. मग शपथेचा अर्थ कोणाचा धरायचा? गांधीजींनी ठरवले, की शपथ घेताना आईच्या मनात जो अर्थ होता तोच खरा. आणि अंडी सोडली.

हा पेच आजही सुटलेला नाही. मुलांकडे परदेशी जाणाऱ्या भगिनींनी तो ध्यानात ठेवावा. विमानात ‘हिंदू जेवण’ मागितले तर त्यात कोंबडी किंवा मासा येऊ शकतो. शाकाहारी जेवण म्हणून वेगळे सांगावे लागते. जपानात भाजीच्या रश्श्यात बहुधा सुकवलेल्या माशाचे पाणी असते. इटलीच्या खऱ्या पार्मेझान चीजला वासराच्या जठरातले विरजण लागते. म्हणून नुसते शाकाहारी म्हणून थांबू नये. मांस नको, मासे नकोत, अंडी नकोत, असे एकेक नाव घेऊन सांगावे. त्यात लाज कसली?

आणि एक विनंती. आपल्या दारी कोणी परक्या मुलखातला पाहुणा आला, तर त्याला काय चालते हे आधी विचारावे आणि तेवढे मनापासून करून वाढावे. रोझेलच्या मावशींनी आपल्या आनंदीसाठी तेच केले होते.