पात्याच्या धारेवरचा निवाडा

दूरदर्शकाचा आरसा घासण्याचे कसब जुने असले, तरी घासलेल्या आरशाची अचूकता घरच्या घरी पडताळण्याची रीत त्या मानाने अर्वाचीन आहे. आणि या हुन्नराचा इतिहास पाहू जाता, तो सामान्य माणसाच्या आटोक्यात आला याचे मुख्य श्रेय या परीक्षेलाच द्यावे लागते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्लंडातील बाथ या गावी संगीतावर उपजीविका करणारा विल्यम हर्शेल तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचे आरसे स्वहस्ते घडवी, आणि एकदा झिलई करताना सलग सोळा तास त्याने आरशावरचा हात उचलला नाही, तेव्हा बहीण कॅरोलाइन हिने त्याला घास भरवले. १३ मार्च १७८१ रोजी युरेनस त्याच्या दृष्टीस पडला, तो अशाच सुमारे सहा इंची आरशातून. परंतु आरसा साधला की बिघडला याचा कौल ताऱ्याच्या प्रतिमेवरून घ्यावा लागे; दोष असल्याचे कळे, पण तो नेमका कोठे व किती, हे ओळखण्यास दीर्घ अनुभवाखेरीज आधार नसे.

ही उणीव १८५८ मध्ये पॅरिसच्या वेधशाळेतील लेआँ फूको याने भरून काढली. आरशाच्या वक्रतामध्यापाशी प्रकाशाचा सूक्ष्म बिंदू ठेवावा, परतणारे किरण जेथे एकवटतात तेथे पात्याची धार हलकेच आडवी सारावी, आणि धारेमागे डोळा लावून आरसा न्याहाळावा. पृष्ठ अचूक गोलीय असल्यास सारा आरसा एकसारखा काळवंडतो. नसल्यास कलत्या उन्हात माळरानाचे उंचसखल उठून दिसावे तसे त्यावरचे उंचवटे व खळगे छायाप्रकाशात उमटतात. आरशावर क्षणभर अंगठा टेकवला, तरी उबेने फुगलेली काच डोळ्यांदेखत वर आलेली दिसते आणि निवताच पूर्ववत होते.

दूरदर्शकास मात्र अन्वस्त आकाराचा आरसा लागतो. सहा इंच व्यासाच्या, ४८ इंच नाभीय अंतराच्या आरशात, मध्याशी जुळणारा गोल आणि अन्वस्त यांत कडेशी पडणारा फरक मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाहूनही कमी असतो. पण दिवा स्थिर ठेवून पाते मागेपुढे सारले, तर मध्याचे आणि कडेचे किरण सुमारे २.४ मिलिमीटरच्या अंतराने एकवटतात, आणि एवढे अंतर साध्या मोजपट्टीवरही उमगते. जे डोळ्यास अगोचर, ते मापात आणण्याची ही हिकमत.

१९२० साली अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात, स्प्रिंगफील्ड या यंत्रहत्यारांच्या गावी, रसेल पोर्टर याने स्थानिक मंडळींना आरसे करण्यास शिकवले, आणि १९२५ च्या नोव्हेंबरात अल्बर्ट इंगॉल्स याने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांची हकिकत छापल्यावर ही विद्या देशभर पसरली. त्या कामगारांना आपल्या आरशाविषयी कोणा पंडिताचा दाखला मागावा लागला नाही. खोट कोठे आहे हे पाते सांगे आणि ती काढण्याचे कसब हातांत होते. आपल्या कामाचा कस आपणच लावू शकणारा कारागीरच खऱ्या अर्थाने स्वतंत्र होतो, याचा इतका निःसंदिग्ध पुरावा क्वचितच दुसऱ्या एखाद्या व्यवसायाच्या इतिहासात सापडेल.