गोव्याची पूड, ब्राझीलचें झाड

गजकर्ण हा रोग सहसा कोणाच्या जिवावर उठत नाहीं. परंतु तो ज्याच्या अंगीं जडतो त्याची रात्रीची झोंप आणि चारचौघांत बसण्याची सोय, दोन्ही घालवितो. आपल्या वैद्यांनीं त्यावर टाकळ्याची योजना केली. ‘चक्रमर्द’ व ‘दद्रुघ्न’ हीं टाकळ्याचीं संस्कृत नांवें त्याच गुणाचीं द्योतक आहेत. आज मात्र मी दुसऱ्याच एका औषधाची हकीकत सांगणार आहें. त्याचें नांव ‘गोवा पावडर’.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या बाजारांत ही पिवळसर तपकिरी पूड गजकर्णावरील हमखास उपाय म्हणून विकली जात असे. लिंबाच्या रसांत किंवा शिरक्यांत कालवून ती चट्ट्यावर लावीत. गुण येई, म्हणून गिऱ्हाईक भारी किंमत देई. पण ती कशाची केलेली आहे हें त्यास ठाऊक नसे. १८६४ सालीं मुंबईचे औषधविक्रेते केंप यांनीं विलायतेंतील औषधविषयक मासिकांत तिजविषयीं लिहिलें, तेव्हांहि तिचें मूळ गूढच होतें.

पुढें १८७४ त सर जोसेफ फेरर यांनीं लंडनच्या एका वैद्यकीय पत्रांत या पुडीची माहिती दिली. ती ब्राझीलमधील बाहिया येथील डॉ. दा सिल्व्हा लिमा यांच्या वाचनांत आली. त्यांनीं १८७५ त कळविलें कीं, ही तर आमच्याकडील अरारोबा! तेथें ती बाहियाची पूड म्हणून प्रसिद्धच होती.

अरारोबा हा बाहियाच्या अरण्यांतील मोठा वृक्ष. शेंगांच्या वर्गांतला, म्हणजे कुळानें आपल्या टाकळ्याचा दूरचा नातलग. जुन्या खोडाच्या गाभ्यांतील भेगांत ही पूड सांचते. झाड पाडून, ओंडके फोडून ती खरवडून काढावी लागते, आणि तें करतांना कामकऱ्यांचे डोळे व तोंड सुजून येतें. १८२२ पर्यंत ब्राझील व गोवा हे दोन्ही मुलूख पोर्तुगिजांच्या सत्तेखालीं होते आणि त्यांचीं कांहीं जहाजें बाहियाच्या बंदरास लागत. ब्राझीलचा काजू पोर्तुगिजांनीं गोव्यास आणला. ही पूडहि त्याच दर्यावर्दी संबंधांतून आली असावी. माल ब्राझीलचा, नांव मात्र वाटेवरच्या पेठेचें.

मूळ कळतांच तपासास वेग आला. १८७५ त अॅटफील्ड यांनीं तिचें पृथक्करण केलें. १८७८ त लीबरमान व सायडलर या जर्मन रसायनज्ञांनीं तिच्यांतील मुख्य द्रव्य क्रायसारोबिन असल्याचें दाखविलें. बाल्मानो स्क्वायर यांनीं तिचा उपयोग सोरायसिसवर करून पाहिला. पहिल्या महायुद्धांत जर्मनींत तिचा तुटवडा पडला, तेव्हां तिच्या धर्तीवर बनविलेलें डिथ्रॅनॉल १९१६ त गालेव्स्की यांनीं वापरांत आणलें. सोरायसिसवर तें आजहि देतात.

दोषहि उघड झाले. पूड कातडी भाजी, कपड्यांवर न जाणारे डाग पाडी, डोळ्यांत गेली तर भयंकर दाह करी. म्हणून गजकर्णावर पुढें सौम्य औषधें आलीं. १९३९ त एका बुरशीपासूनच ग्रायसिओफुल्व्हिन हें द्रव्य मिळालें, आणि १९५८ पासून तें गजकर्णावर पोटांतून देऊं लागले. गजकर्ण स्वतः बुरशीचाच रोग. तेव्हां बुरशीवर बुरशीचाच उतारा मिळाला म्हणावयाचा.

ही जुनी हकीकत आज सांगण्यास कारण आहे. आजहि कित्येक घरांत शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, आंत काय आहे हें न वाचतां, मलमाची नळी आणली जाते. तिच्यांत पुष्कळदां स्टेरॉइड असतें. खाज थांबते, लाली ओसरते, आणि बुरशी मात्र निर्वेध पसरत राहते. नेहमींच्या औषधांस दाद न देणारें गजकर्ण आपल्या देशांत अलीकडे वाढलें आहे, तें कांहीं अंशीं याच संवयीमुळें.

झाडपाल्याचें औषध म्हणून तें निरुपद्रवी, हा समजहि या पुडीनें खोटा ठरविला आहे. तिच्यांत गुण होता व विषहि होतें. दोहोंची पारख झाली ती तिचें झाड आणि तिच्यांतील द्रव्य कळल्यावर. तेव्हां पुडीवरचें नांव वाचून थांबूं नये; आंत काय आहे तें विचारावें, आणि जाणत्या वैद्यास विचारावें.