बंब (पाणी तापवण्याचे साधन)

बंब हे मुख्यत्वे स्नानासाठी पाणी तापवण्याचे, मधोमध अग्निनलिका असलेले धातूचे उभे पात्र आहे. थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठी बॉयलर वापरतात व त्यातील गरम पाणी नळ्यांमधून खोल्याखोल्यांत फिरवतात. महाराष्ट्रात अशा व्यवस्थेची गरज भासली नाही. येथे थंडीत माणसे शेकोटी किंवा शेगडीजवळ बसतात आणि घर न तापवता पाणी तापवतात. त्यामुळे पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत घरगुती बॉयलरच्या सर्वांत जवळचे साधन म्हणजे बंबच होय.

नाव

‘बंब’ या शब्दाचे नाते पोर्तुगीज भाषेतील पंप या अर्थाच्या ‘बोंबा’ शब्दाशी जोडले जाते. मराठीत आग विझवणाऱ्या गाडीलाही बंबच म्हणतात. एकाच शब्दाने आग पेटवण्याचे आणि आग विझवण्याचे अशी दोन्ही साधने ओळखली जावीत, हा भाषेतील एक गमतीचा योग आहे.

रचना व कार्य

पारंपरिक बंब तांब्याचा किंवा पितळेचा असतो. पात्राच्या मध्यातून वरपासून खालपर्यंत एक नळी जाते. तिच्या तळाशी जाळी असते. नळीत वरून इंधन टाकतात, जाळीखालून हवा मिळते आणि राख खाली पडते. नळीभोवतीच्या पोकळीत पाणी असते. ज्वाला चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली असल्यामुळे उघड्या चुलीवरील हंड्याच्या तुलनेत उष्णता कमी वाया जाते. रशियातील सामोवार व उत्तर भारतातील हमाम यांची रचनाही याच तत्त्वावर आधारलेली आहे.

काही बंबांना खाली तोटी असते. काहींमध्ये वरच्या नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतले की ते तळाशी उतरते आणि तेवढेच कढत पाणी वरच्या चोचीतून बाहेर पडते. अशा बंबात पाणी कधीच संपत नाही, ही त्याची मोठी सोय आहे. तोटीच्या बंबात मात्र पाणी भरण्यापूर्वी जाळ केल्यास सांध्यांचे डाग वितळून पात्र गळू लागते. म्हणून ‘आधी पाणी, मग जाळ’ हा क्रम पाळावा लागतो.

बंब वरून बंदिस्त नसल्यामुळे त्यात वाफेचा दाब साठत नाही. दाबाखाली वाफ निर्माण करणाऱ्या बंद पात्रांसाठी केलेला १९२३ चा बॉयलर अधिनियम त्यामुळे त्याला लागू नव्हता. याच परिसरातील सहकारी साखर कारखान्यांमध्ये उसाच्या चिपाडावर चालणारे बॉयलर मात्र या कायद्याच्या कक्षेत येत.

जुन्नर व आंबेगावातील पार्श्वभूमी

जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात कांस्यकारांच्या श्रेणीचा, म्हणजे काशाची कामे करणाऱ्या कारागिरांच्या संघाचा, उल्लेख आहे. धातुकामाची परंपरा या भागात जुनी असल्याचे त्यावरून दिसते; त्याचा बंबाशी थेट संबंध जोडता येत नाही. अलीकडच्या काळात तांब्याच्या भांड्यांसाठी पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी प्रसिद्ध राहिली आहे.

बंब सहसा अंगणात, पडवीत किंवा न्हाणीलगत ठेवतात. तापलेले पाणी घंगाळात काढून त्यात विसण घालतात. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाशी त्याचे नाते विशेष घट्ट आहे, कारण त्या पहाटे घरातील सर्वांना एकामागून एक गरम पाणी लागते.

इंधन आणि श्रम

बंबाचे खरे मोल इंधनावरून ठरते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. चार माणसांसाठी ६० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ६,३०० किलोज्यूल, म्हणजे विजेची पावणेदोन युनिटे लागतात. एक किलो कोरड्या लाकडात अंदाजे १५,००० किलोज्यूल ऊर्जा असते. काहीच वाया न गेल्यास अर्ध्या किलोपेक्षा कमी लाकूड पुरावे. प्रत्यक्षात धुराड्यावाटे बरीच उष्णता निघून जाते आणि कित्येक पट सरपण जळते.

कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर बागायती झालेल्या पूर्व भागात तुराट्या, दाणे काढलेली मक्याची कणसे, नारळाच्या करवंट्या व गोवऱ्या बंबात जातात. उसाचे पाचट भुरकन जळून जाते, त्यामुळे ते फारसे उपयोगी नाही. सह्याद्रीलगतच्या पश्चिम पट्ट्यात परिस्थिती वेगळी आहे. तेथे मुसळधार पावसामुळे सरपण उन्हाळ्यातच गोळा करून माळ्यावर किंवा पडवीत रचावे लागते. भीमाशंकर परिसर १९८५ मध्ये अभयारण्य घोषित झाला. त्यामुळे तेथे सरपण हा घराप्रमाणेच वनरक्षणाचाही प्रश्न आहे. जुन्नर वनक्षेत्रात बिबट्यांचा वावर मोठा असल्याने पहाटे किंवा तिन्हीसांजेला सरपणासाठी बाहेर पडणे धोक्याचे ठरते. हे काम बहुधा स्त्रियांच्या वाट्याला येते, आणि बंबाच्या ‘फुकट’ पाण्याच्या हिशेबात ते धरले जात नाही.

धूर हा दुसरा दोष. बंद न्हाणीघरात बंब पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइड साठून जीव जाऊ शकतो. या वायूला रंग किंवा वास नसल्याने धोका लक्षात येत नाही. वायुवीजन नसलेल्या न्हाणीघरातील गॅस गिझरबाबतही हाच धोका असतो.

सद्यस्थिती व पर्याय

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे ग्रामीण घरांत सिलिंडर पोहोचले. तरी सिलिंडर स्वयंपाकासाठी जपून ठेवायचा आणि आंघोळीचे पाणी सरपणावर तापवायचे, अशी विभागणी अनेक घरांत आढळते. तांबे महाग झाल्याने जुने बंब मोडीत जातात. नवे बंब स्टेनलेस स्टीलचे किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे मिळतात.

सौर उष्णजल संयंत्राला इंधन लागत नाही. हिवाळ्यातील निरभ्र आकाश त्याला अनुकूल असते, पण पावसाळ्यात घाटमाथ्यावर ते फारसे चालत नाही. विंधन विहिरीच्या जड पाण्याने नळ्यांत क्षारांचा थरही बसतो. विजेच्या साठवण गिझरला साधारण दोन किलोवॅट भार लागतो; पहाटे वीज नसेल तर तो निरुपयोगी ठरतो. हवेतील उष्णता खेचून पाण्याला देणारा उष्णता पंप एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटे उष्णता देऊ शकतो. येथील सौम्य हिवाळा त्याला मानवणारा आहे, मात्र त्याची सुरुवातीची किंमत गिझरपेक्षा बरीच जास्त असते. छतावरील सौर विजेसाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेमुळे विजेवर पाणी तापवण्याचा खर्च कमी होऊ शकतो. सौर संयंत्र बसवलेल्या घरांतही पावसाळ्यातील चार महिन्यांसाठी बंब ठेवला जातो.