ज्ञातीबाहेर गेलेला एक ज्ञातिबांधव

आपल्या ज्ञातीत होऊन गेलेल्या कर्तृत्ववान पुरुषांचे स्मरण आपण अशा स्मरणिकांतून भक्तिभावाने करतो. त्या मालिकेत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव क्वचितच आढळते. ते ख्रिस्ती झाले, तेथेच त्यांचे आपले नाते सरले, अशी आपली समजूत. ही समजूत कितपत न्याय्य आहे, याचा विचार वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली चित्पावन कुळात झाला. १८९३ साली राजनांदगावास जात असता आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांस 'नवा करार' दिला. त्याच्या वाचनाने त्यांचे मन पालटले व १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याचा अर्थ आप्त, घर व ज्ञाती यांस एकदमच मुकणे असा होता. पत्नी लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. त्या कित्येक वर्षे माहेरच्या माणसांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे पतीकडे आल्यावरही त्यांचे सोवळे काही काळ सुटले नव्हते. टिळकांनी वाट पाहिली. जातिभेद ईश्वराने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंस स्वतःच्याच विचाराने उमगले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात ही हकीकत त्यांनीच निःसंकोचपणे सांगितली आहे.

घरी जी रीत, तीच बाहेर. तत्कालीन ख्रिस्ती मंदिरांतून इंग्रजी चालींवर बसविलेली गीते पुष्कळ म्हटली जात. टिळकांनी अभंग, ओवी, भजन व कीर्तन यांचा आश्रय केला. तुकोबांच्या वाणीनेच आपणास ख्रिस्ताच्या पायांशी आणले, असे ते मानीत. ज्याला आपले म्हणणे पटवावयाचे, त्याच्या पूर्वजांची निंदा करून ते पटत नाही, हे त्यांनी ओळखले होते. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी पुत्रवत राहिले. परंतु ते ख्रिस्ती झाले नाहीत, म्हणून त्या घराची माया उणावली नाही.

दुफळी केवळ हिंदू व ख्रिस्ती यांच्यातच होती असे नव्हे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती महार व मांग समाजांतून आलेले होते. त्यांच्यात ब्राह्मण कुळातील मनुष्याने बंधू म्हणून वावरणे, हाच त्या काळी मोठा उपदेश होता. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, हा त्यांचा हेतू होता. परंतु १९१९ च्या मे महिन्यात त्यांचे देहावसान झाले. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. त्याचा बहुतांश भाग पुढे लक्ष्मीबाईंनी रचिला.

आम्ही अनेक वर्षे वर्गात 'केवढे हे क्रौर्य' ही त्यांची कविता शिकविली. मुलांचे डोळे पाणावत. कवीचे नाव आम्ही सांगत असू. त्याचा धर्म मात्र सांगण्याचे टाळीत असू. हा भित्रेपणा होता, हे आज कबूल केले पाहिजे. टिळकांची श्रद्धा आपणांस पटो अथवा न पटो. मतभेद असूनही माणूस न तोडण्याची त्यांची रीत आपण घेतली, तर ज्ञातीचे काही उणे होणार नाही. त्यांस दाराबाहेर ठेवून आपली पंगत शुद्ध राहिली, की केवळ लहान झाली?