मश्क : जपानची आणि आमची

उर्दू शाळेत शिकवणारे आम्ही 'मश्क' हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारतो. पुस्तकात धड्याखाली प्रश्न असतात, त्याला आम्ही मश्क म्हणतो. खत्तातीत मात्र त्याचा अर्थ वेगळा. उस्तादाने लिहून दिलेले अक्षर हाताला वळण लागेपर्यंत गिरवत राहणे, ही खरी मश्क. ती आमच्या वर्गांतून जवळजवळ गेलीच. जपानच्या शाळांतूनही ती एकदा गेली होती, पण त्यांनी ती परत आणली.

जपानला लिपी मिळाली चीनकडून. ८०४ साली कूकाई हा बौद्ध भिक्षू समुद्रमार्गे चीनला गेला आणि ८०६ साली परतला. जपानच्या तीन थोर सुलेखनकारांत त्याची गणना होते. पुढे भराभर लिहिलेल्या चिनी अक्षरांतून 'हिरागाना' ही सुटसुटीत लिपी घडली. तिला 'बायकांचे अक्षर' म्हणत. पण दरबारातल्या स्त्रियांनी तिच्यातच जपानी साहित्य थोर केले.

ही कला सामान्यांच्या घरी पोहोचली ती एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या वर्षांत. 'तेराकोया' नावाच्या छोट्या शाळांत व्यापाऱ्यांची, कारागिरांची, शेतकऱ्यांची मुले येत. शाईची कांडी दगडावर पाण्यात उगाळायची, कुंचला उभा धरायचा आणि गुरुजींचा कित्ता समोर ठेवून लिहायचे. कागद महाग, म्हणून एकाच कागदावर तो काळाकुट्ट होईपर्यंत लिहीत. एकदा ओढलेली रेघ मात्र पुन्हा दुरुस्त करायची नाही. चुकली तर अक्षर नव्याने लिहायचे.

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर, १९४७ च्या नव्या अभ्यासक्रमात, प्राथमिक शाळेतून कुंचला वगळला गेला. सुलेखनकारांनी पाठपुरावा सोडला नाही. १९५१ मध्ये तो ऐच्छिक म्हणून परतला आणि १९७१ पासून तिसरीपासून पुढे सक्तीचा झाला. आज संगणकाच्या जमान्यातही तिथली मुले वर्षाला सुमारे ३० तासिका अक्षरावर घालवतात.

आमच्याकडे संगणकावर नस्तालीक आली आणि कातिबांची रोजी गेली. सारा दोष यंत्राला देऊन आम्ही मोकळे झालो. पण यंत्र जपानमध्येही आहेच.

जपानी गुरुजींची एक गोष्ट आम्हा शिक्षकांना टोचते. मुलाच्या कागदावर ते शेंदरी शाई वापरतात. चुकलेल्या रेघेवर योग्य रेघ स्वतः ओढून दाखवतात आणि जिथे साधले तिथे गोल करतात. लाल शाई आमच्याही हाती आहे. तिने आम्ही फुली मारतो, गुण कापतो आणि वही परत करतो. मूल मात्र फुली गिरवून अक्षर शिकत नाही. त्याला गिरवायला उस्तादाचे अक्षर लागते, आणि ते लिहून देणे हे आमचे काम आहे.